मदतीसाठी वीरपत्नी होण्याचीच अट का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन जवळ आला की सैनिकांच्या पत्नींसाठी शिक्षणाच्या आणि रोजगाराच्या 'अनेक योजना' असल्याचे व्यासपीठावरून सांगितले जाते. योजना आहेत, हे खोटे नाही. पण त्यांचे नियम उघडून वाचले तर एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. बहुतेक योजनांत पत्नीला जागा मिळते ती पती गेल्यावर. पती नोकरीत आहे, दोन-तीन वर्षांनी त्याची बदली होते आहे आणि त्या बदलीपायी तिचा अभ्यासक्रम अर्धवट सुटतो आहे किंवा हातची नोकरी जाते आहे, अशा बाईसाठी कागदावर फारसे काही सापडत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत अशी घरे गावोगाव आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहोत.

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना २००६ पासून केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत चालते. वर्षाला ५,५०० शिष्यवृत्त्या, मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. पात्र कोण, तर माजी सैनिकांची मुले आणि विधवा. किमान ६० टक्के गुण हवेत, अभ्यासक्रम व्यावसायिक हवा आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायला हवा. दुसऱ्या वर्षी जाग आली तर पुढची सगळी वर्षे हातची गेली. व्यवसाय प्रशिक्षणासाठी एकदाच मिळणारे अनुदान आधी २०,००० रुपये होते, ते ५०,००० झाले. तेही माजी सैनिकांच्या विधवांना. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या कुटुंबांना मिळणारे शिक्षण अनुदान नोव्हेंबर २०२५ पासून महिना १,००० वरून २,००० रुपये झाले. त्यात दोन मुलांचे पदवीपर्यंतचे शिक्षण किंवा विधवेचे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण बसते. सैन्यात अधिकारी म्हणून भरती होण्यासाठी विधवांना वयाची सवलत ३५ वर्षांपर्यंत आहे आणि लेखी परीक्षा नाही, थेट एस.एस.बी.ची, म्हणजे सेवा निवड मंडळाची मुलाखत, पण जागा प्रत्येक जाहिरातीत दोनच, एक तांत्रिक आणि एक बिगरतांत्रिक.

यातल्या एकाही योजनेला आमचा आक्षेप नाही. उलट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नीट चौकशी न झाल्याने यातले बरेच पैसे गावांपर्यंत पोचतच नाहीत, हे दुःख वेगळे आहे. मुद्दा एवढाच की पती हयात असलेली पत्नी या चौकटीत कुठेच नाही.

एका ठिकाणी मात्र ती आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. शिक्षणसंस्थांतल्या सेनादल कोट्यासाठी संरक्षण मंत्रालयाने २०१८ मध्ये नऊ क्रमांकांची प्राधान्य यादी ठरवून दिली. पहिल्या क्रमांकावर युद्धात कामी आलेल्यांच्या पत्नी आणि मुले. सातव्यावर अपंगत्व येऊन सेवेबाहेर पडलेल्या सैनिकांच्या आणि शौर्यपदकधारकांच्या पत्नी. आठव्यावर सेवेत असलेल्यांची मुले. आणि शेवटी, नवव्यावर, सेवेत असलेल्यांच्या पत्नी. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी प्रवेश याच यादीने होतात. नववा क्रमांक म्हणजे पंगतीची शेवटची ओळ, हे मान्य. तरी ज्या अभ्यासक्रमांना फार झुंबड नसते तिथे जागा खालपर्यंत येते, त्यामुळे अर्ज करून ठेवण्यात तोटा नाही. आपल्याकडच्या अभियांत्रिकी प्रवेशात मात्र सेनादलाचे जे तीन गट आहेत ते मुलांसाठी. पत्नी तिथे शेवटच्या ओळीतही नाही.

या नवव्या क्रमांकाचा अर्ज बाद होतो तो बहुतेक वेळा प्रमाणपत्रामुळे. पलटणीच्या कार्यालयातून मिळते ते साधे सेवा प्रमाणपत्र: अमुक क्रमांकाचा जवान या युनिटमध्ये कार्यरत आहे, एवढेच. विद्यापीठाला हवे असते ते त्यांच्या नमुन्यातले आणि त्यात प्राधान्य क्रमांक स्पष्ट लिहिलेले. त्यावर सहीही ठरावीक अधिकाऱ्याचीच चालते, उदाहरणार्थ रेकॉर्ड ऑफिसचे (सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाचे) प्रमुख किंवा सैनिक बोर्डाचे सचिव. रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणे बदलते: मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, महार रेजिमेंटचे सागरला. जवान फील्डमध्ये (कुटुंब सोबत नेता येत नाही अशा भागात) असेल तर पत्र युनिटमधून रेकॉर्डला आणि तिथून परत यायला आठवडे जातात, आणि प्रवेशाची खिडकी तेवढे दिवस उघडी राहत नाही. म्हणून माहितीपुस्तिका निघाली की निकालाची वाट न पाहता, नमुना छापून तो पतीकडे पाठवावा. कारकुनाला तोंडी सांगू नये. नमुनाच हातात द्यावा.

आता मूळ दुखण्याकडे. जवानाच्या पत्नीची अडचण पैशाची आहे, पण त्याहून जास्त ती 'सोबत नेता येण्याची' आहे. शिक्षण, परवाना, नोकरी, अनुभव यांतले काय बदलीबरोबर नेता येते आणि काय मागे टाकावे लागते, हे अभ्यासक्रम निवडण्याआधी बघायला हवे. ते कोणी सांगत नाही. मग जे गावात सोयीचे दिसले ते सुरू होते आणि पहिल्या बदलीला अडकते.

बी.एड.चेच घ्या, कारण सैनिक कुटुंबांत सर्वाधिक ओढा त्याकडे असतो. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या निकषांप्रमाणे वर्गाला ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेला ९० टक्के उपस्थिती लागते. मध्येच एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणे जवळजवळ अशक्य. म्हणजे पीस स्टेशनवर (कुटुंब सोबत ठेवता येते अशा छावणीत) येऊन एक वर्ष झाल्यावर ज्या बाईने प्रवेश घेतला, तिची दुसऱ्या वर्षाची परीक्षा आणि पतीची मुव्हमेंट ऑर्डर एकमेकांवर आदळणार हे ठरलेलेच. आमचे मत असे की बी.एड.साठी खरा काळ पती फील्डमध्ये जातो तो. त्या काळात कुटुंब एकतर गावी असते किंवा एस.एफ. क्वार्टरमध्ये (पतीशिवाय राहणाऱ्या कुटुंबांच्या सरकारी घरात), पत्ता दोन-तीन वर्षे हलत नाही. पतीची फील्डची ऑर्डर आली की पत्नीचा सी.ई.टी.चा अर्ज गेला पाहिजे. प्रत्यक्षात त्या वेळी घरातले सगळे सामान बांधण्यात गुंतलेले असतात, हेही खरेच.

दूरस्थ बी.एड.च्या जाहिरातींना तर भुलूच नये. दूरस्थ पद्धतीचे बी.एड. फक्त प्राथमिकचे प्रशिक्षण घेतलेल्या सेवेतल्या शिक्षकांना किंवा आधी नियमित पद्धतीने अध्यापक प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना करता येते. थेट पदवीवरून घरबसल्या बी.एड. करून देतो म्हणणारा दलाल छावणीच्या फाटकाबाहेर हमखास भेटतो, आणि त्याचे प्रमाणपत्र शिक्षक भरतीच्या पडताळणीत पहिल्या फेरीत गळते. दुसरी गोष्ट, सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. लहान मुलांना शिकवायचे म्हणून बी.एड. करणाऱ्या मुली अजूनही भेटतात. त्यांना हे प्रवेशाआधी कोणीतरी सांगायला हवे होते.

शिक्षक पात्रता परीक्षेबाबत सल्ला सरळ आहे. महाराष्ट्राची टी.ई.टी. द्यायला हरकत नाही, पण बदलीबरोबर फिरायचे असेल तर केंद्राची सी.टी.ई.टी. आधी द्यावी. पेपर एक पहिली ते पाचवीचा, पेपर दोन सहावी ते आठवीचा. दोन्ही १५० गुणांचे, सर्वसाधारण गटाला उत्तीर्ण व्हायला ९० लागतात. भाषा म्हणून मराठी घेता येते. प्रमाणपत्र २०२१ पासून आजीवन झाले आहे, त्यामुळे मुले लहान असताना परीक्षा देऊन ठेवली तरी ती वाया जात नाही.

आर्मी पब्लिक स्कूल ही छावणीतली जवळची नोकरी. त्यासाठी आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीची ऑनलाइन चाळणी परीक्षा असते, मग शाळेत मुलाखत, मग वर्गावर शिकवून दाखवणे. सी.टी.ई.टी. किंवा टी.ई.टी. नसली तरी चाळणी परीक्षेला बसता येते, पण नियमित नेमणूक मिळत नाही. तात्पुरत्या कंत्राटावर समाधान मानावे लागते. आणि इथे एक बारीक अट आहे जी सैनिकपत्नींच्याच मुळावर येते. नवख्या उमेदवाराला वयाची मर्यादा ४० वर्षे. त्यापुढे अर्ज करायचा तर गेल्या दहा वर्षांत किमान पाच वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. फिरत्या घरातल्या शिक्षिकेचा अनुभव असतो तुकड्यांचा: इथे आठ महिने, तिथे दीड वर्ष, मध्ये एक बाळंतपण. ते तुकडे जोडून पाच वर्षे भरतात, पण कागद असेल तरच. म्हणून शाळा सोडताना अनुभव प्रमाणपत्र त्याच दिवशी घ्यावे. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद, शिकवलेले वर्ग, विषय, पूर्णवेळ की अर्धवेळ, आणि पगार बँकेत जमा होत होता हे त्यात असावे. नंतर पत्राने मागवू म्हटले की मुख्याध्यापक बदललेले असतात आणि हजेरीपट कुणाला सापडत नाही. केंद्रीय विद्यालयांत दर वर्षी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये कंत्राटी शिक्षकांसाठी थेट मुलाखती होतात. नव्या स्टेशनवर पोचायची तारीख ठाऊक असेल तर तिथल्या शाळेच्या संकेतस्थळावर जानेवारीपासून लक्ष ठेवावे. उन्हाळ्यात सामान घेऊन पोचल्यावर चौकशी केली तर यादी लागून गेलेली असते.

ज्यांचे शिक्षण दहावी-बारावीला थांबले आहे त्यांची संख्या पदवीधरांपेक्षा खूप मोठी आहे, पण चर्चा नेहमी पदवीधरांची होते. गावात सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षा देण्याची वाट सगळ्यांना माहीत असते. ती वाट राज्य मंडळाची, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि महाराष्ट्रातच. पतीबरोबर पठाणकोटला किंवा जोधपूरला राहणाऱ्या बाईला त्यासाठी मुलांची शाळा बुडवून यावे लागते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एन.आय.ओ.एस., हा तिच्यासाठी जास्त बरा मार्ग. पाच विषय, नोंदणी पाच वर्षे टिकते, नऊ संधी मिळतात, परीक्षा वर्षातून दोनदा आणि केंद्रे देशभर. एकेक विषय सोडवत गेले तरी चालते. आधी राज्य मंडळाची परीक्षा देऊन काही विषय सुटलेले असतील तर दोन विषयांपर्यंतचे गुण पुढे नेता येतात. त्यासाठी जुनी गुणपत्रिका जपून ठेवावी लागते.

पदवीसाठी महाराष्ट्रात पहिले नाव निघते ते नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे. राज्यात राहणार असाल तर ते उत्तमच. पण राज्याचे मुक्त विद्यापीठ राज्याबाहेर अभ्यासकेंद्र चालवू शकत नाही, आणि इथेच फिरत्या कुटुंबाची गाडी अडते. इग्नूची केंद्रे देशभर आहेत, प्रवेश जानेवारी आणि जुलै असे दोनदा, सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरला, आणि परीक्षा केंद्र दर वेळी नवे निवडता येते. तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षे मिळतात. बिघडते कुठे, तर तीन ठिकाणी. एक, वर्षाची पुनर्नोंदणी राहून जाते; परीक्षा दिली नसली तरी ती करायची असते आणि मागच्या वर्षाचे विषय राहिले म्हणून ती अडत नाही, हे अनेकींना माहीतच नसते. दोन, स्वाध्याय. बहुतेक विषयांत ३० टक्के गुण त्यांचे असतात. जुन्या केंद्रावर दिलेले स्वाध्याय तपासून गुण चढण्याआधी केंद्र बदलले तर ते गुण कुठे गेले हे शोधण्यात सत्र संपते. आधी गुण संकेतस्थळावर दिसू द्यावेत, मग प्रादेशिक केंद्र बदलण्याचा अर्ज करावा, आणि स्वाध्याय दिल्याची पोच व प्रत दोन्ही ठेवावी. तीन, प्रात्यक्षिकाचे विषय. त्यांची बॅच ठरावीक केंद्रावरच होते; ती पुरी झाल्याशिवाय हलू नये. शक्य असेल तर प्रात्यक्षिक नसलेलेच विषय घ्यावेत.

आता प्रत्येक दूरस्थ प्रवेशाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा, म्हणजे डी.ई.बी.चा क्रमांक लागतो आणि त्याआधी श्रेयांक बँकेचे, म्हणजे ए.बी.सी.चे खाते. हे खाते खऱ्या अर्थाने सैनिकपत्नींच्या उपयोगाचे आहे, कारण एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे नेण्याची सोय त्यात आहे. ते उघडते आधारवरच्या नावाने. आणि मराठी घरात गाडी इथे रुतते.

लग्नात मुलीचे मधले नाव आणि आडनाव तर बदलतेच, काही घरांत पहिले नावही बदलतात. समजा दहावीच्या गुणपत्रिकेवर 'सुनीता मारुती पाटील' आहे. लग्नानंतर पलटणीत तिची नोंद झाली 'स्नेहल संतोष जाधव', कारण जवानाने अर्जात तसे लिहिले आणि पार्ट टू ऑर्डर (कौटुंबिक नोंदींचा लष्करी आदेश) तशी निघाली. आधारवर 'सुनिता संतोष जाधव', त्यातही 'नि' ऱ्हस्व. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक एच इकडे आहे, तिकडे नाही. आता ही एकच बाई आहे हे बँक, विद्यापीठ, रेकॉर्ड ऑफिस आणि परीक्षा मंडळ या चौघांना पटवायचे. पती असेपर्यंत हे नुसते त्रासाचे असते. पुढे पेन्शनची वेळ आली तर याच एका अक्षरावर महिने जातात.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण आहे. शिक्षण पुढे करायचे ठरले असेल तर गुणपत्रिका बदलण्याच्या मागे लागू नये. उलट, आधारवरचे नाव बदलण्याआधी थांबावे; आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि प्रवेश, श्रेयांक खाते, पात्रता परीक्षा हे सगळे दहावीच्या नावाशी ताडून पाहिले जाते. विवाह नोंदणी ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत लगेच करून नमुना 'ई'मधले प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यात लग्नाआधीचे नाव गुणपत्रिकेप्रमाणे अक्षरन् अक्षर लिहिले आहे ना ते सही करण्याआधी वाचावे. पहिले नावच बदलले असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा. पार्ट टू ऑर्डर निघण्याआधी जवानाने अर्जातले स्पेलिंग पत्नीला फोनवर वाचून दाखवावे. निघाल्यावर तिची एक प्रत घरी ठेवावी. शाळा सोडल्याचा दाखला, विवाह प्रमाणपत्र, राजपत्राचे पान आणि पार्ट टू ऑर्डरची प्रत, एवढी चार कागदांची फाइल एकत्र असली की बहुतेक खिडक्यांवरचे प्रश्न संपतात. जातीच्या दाखल्याचीही एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. लग्नाने बाईची जात बदलत नाही, दाखला वडिलांकडूनच चालतो. आणि पतीच्या बदलीच्या राज्यात गेल्यावर त्या राज्याच्या नोकरीत आपले आरक्षण लागू होत नाही. केंद्राच्या यादीत जात असेल तर केंद्राच्या भरतीत होते.

नोकऱ्यांचेही असेच गणित मांडायला हवे. गावातल्या सुनेला सहज मिळू शकणाऱ्या नोकऱ्या म्हणजे आशा, अंगणवाडी सेविका, ग्रामीण डाकसेवक. तिन्हींना स्थानिक रहिवासाची अट. त्या घेतल्या की पतीबरोबर जाणे संपले. पतीबरोबर गेले की नोकरी संपली. बँकेची लिपिक भरती राज्यवार होते आणि राज्याबाहेर बदली मिळणे महाकठीण. त्याच अभ्यासात थोडी भर घालून अधिकारी पदाची परीक्षा दिली तर नेमणूक देशभर होऊ शकते, जे इतरांना गैरसोयीचे वाटते तेच इथे सोयीचे ठरते. केंद्र सरकारमध्ये पती-पत्नीला एका ठिकाणी नेमण्याबाबत कार्मिक विभागाचे ३० सप्टेंबर २००९ चे आदेश आहेत. महाराष्ट्रात जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदली धोरणात आजी-माजी सैनिकांच्या पत्नींना विशेष संवर्ग भाग एकमध्ये, म्हणजे बदलीत प्राधान्य असलेल्या गटात घेतले आहे, आणि याबद्दल शासनाचे मोकळेपणाने कौतुक केले पाहिजे. पण ती सोय राज्याच्या सीमेवर थांबते, आणि जवान तर सीमेपलीकडेच असतो. संगणकाचेही पाहा: एम.एस.सी.आय.टी. आपल्याकडे चालते, पण बाहेरच्या काही राज्यांच्या भरतीत सी.सी.सी., म्हणजे केंद्राच्या संगणक संस्थेचे प्रमाणपत्र विचारतात. दोन्हींतले एकच करायचे तर फिरणाऱ्या बाईने सी.सी.सी. करावे.

परिचारिकांची कोंडी सर्वांत न पटणारी आहे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली बाई पंजाबात गेली की तिथल्या परिषदेकडे पुन्हा नोंदणी. त्यासाठी इथून ना-हरकत, कागदांची पडताळणी, शुल्क, आणि मग वाट पाहणे. पतीचा त्या ठिकाणचा काळच दोन-अडीच वर्षांचा, त्यातले कित्येक महिने नोंदणीत. देशात परिचारिका कमी आहेत असे सगळे म्हणतात आणि एक प्रशिक्षित परिचारिका क्वार्टरमध्ये बसून असते. वकिलांसाठी १९६१ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये एका राज्याच्या पटावरून दुसऱ्या राज्याच्या पटावर नाव विनाशुल्क नेण्याची तरतूद आहे. परिचर्या आयोगाचा नवा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. त्याचे नियम करताना सैनिकपत्नींच्या अर्जाला तीस दिवसांची मुदत घालणे अवघड नाही. अमेरिकेने जानेवारी २०२३ मध्ये कायदाच करून सैनिकांच्या जोडीदारांचे व्यावसायिक परवाने, वकिली वगळता, बदलीच्या राज्यात ग्राह्य धरले. तिथे कनिष्ठ हुद्द्यांच्या जोडीदारांना प्रमाणपत्र-परवान्याच्या शिक्षणासाठी ४,००० डॉलरपर्यंत मदतही मिळते, आणि ती पती किंवा पत्नी सेवेत असतानाच. त्यांच्याएवढा पैसा आपल्याकडे नसेल. मुदत घालून द्यायला पैसा लागत नाही.

छावणीतल्या कल्याण केंद्रांविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. १९६६ पासून काम करणाऱ्या आर्मी वाइव्हज वेल्फेअर असोसिएशनच्या छत्राखाली शिवण, ब्यूटी पार्लर, बेकरी असे वर्ग चालतात. एकट्या पडलेल्या तरुण मुलींना त्यांचा आधार असतो, तो मोलाचा आहे. पण शेवटी हातात पडते ते युनिटच्या शिक्क्याचे कागदी प्रमाणपत्र. पुढच्या स्टेशनवर त्याला कोणी विचारत नाही, बँकेत कर्जासाठी तर नाहीच. तेच शिवण, तेवढेच तास, तीच बाई. फक्त अभ्यासक्रम राष्ट्रीय कौशल्य आराखड्यातला घेतला आणि शेवटी क्षेत्र कौशल्य परिषदेचा बाहेरचा परीक्षक बोलावला, की मिळणारे प्रमाणपत्र देशभर चालते. स्वतःचा व्यवसाय करणारीने उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी करावी. ती विनाशुल्क आहे आणि पत्ता बदलला तरी क्रमांक तोच राहतो. खाद्यपदार्थांची नोंदणी मात्र जागेची असते, जागा बदलली की नवी. आणि सरकारी क्वार्टरमधून विक्री सुरू करण्याआधी स्टेशन हेडक्वार्टरची लेखी परवानगी घ्यावी, नाहीतर शेजारच्या एका तक्रारीवर भट्टी बंद होते.

शासनाकडे आमचे मागणे मोठ्या घोषणांचे नाही. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या सेवेतल्या सैनिकांच्या पत्नींनाही ५०,००० रुपयांचे प्रशिक्षण अनुदान लागू करण्याची शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. मुक्त विद्यापीठाने राज्याबाहेरच्या सैनिकपत्नींना परीक्षेसाठी ऑनलाइन किंवा लष्करी स्टेशनवरची सोय द्यावी. त्यासाठी लागणारी मंजुरी अनुदान आयोगाकडून मागावी. मुलांच्या दहावी-बारावीसाठी क्वार्टर ठेवू देताना जो विचार होतो, तो पत्नीच्या अंतिम वर्षासाठीही नियमात स्पष्ट लिहावा. आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी सेवेतल्या सैनिकांच्या पत्नींची नोंद, शिक्षण आणि परवान्यासह, ठेवायला सुरुवात करावी. आज त्या कार्यालयाच्या फळ्यावर पेन्शन आणि माजी सैनिक भरती एवढेच असते. त्याच फळ्यावर इग्नूच्या जानेवारी-जुलैच्या प्रवेशाची, सी.टी.ई.टी.ची, चाळणी परीक्षेची आणि एन.आय.ओ.एस.ची अंतिम तारीख लिहिली आणि ती जिल्ह्यातल्या जवानांच्या व्हॉट्सअॅप गटांवर टाकली, तर त्याला ना शासन निर्णय लागेल ना निधी. फळा कार्यालयात आधीच आहे, आणि खडूही.

आपले,
सैनिक कुटुंबांतील महिलांना शिक्षण व नोकरीबाबत मार्गदर्शन करणारे काही स्वयंसेवक